गाडीतला जुना जीपीएस विकताय? आधी त्यातलं आपलं घर पुसा, मग पैसे घ्या

बीड (प्रतिनिधी) : दहा-बारा वर्षांमागे तिरुपती, रामेश्वर, गाणगापूरच्या भाड्यांसाठी काही गाडीवाल्यांनी काचेला चिकटवायचं रस्ता दाखवणारं यंत्र घेतलं होतं. पुढं मोबाईलवरच नकाशा आला, इंटरनेट स्वस्त झालं आणि ही यंत्रं डॅशबोर्डच्या कप्प्यात जाऊन पडली. काही तर फारशी वापरलेलीही नाहीत. दोन-चार सहली झाल्या, नंतर खोक्यातच राहिली. आता घर आवरताना ते खोकं हाती लागतं आणि विचार येतो, पडून राहण्यापेक्षा विकून टाकावं.

विकायला हरकत काहीच नाही. पण हा व्यवहार जुन्या मिक्सर-पंख्यासारखा नाही. या यंत्रात आपल्या घराचा पत्ता असतो, आपण कुठं कुठं जातो याची नोंद असते, कधीकधी मोबाईलमधले नंबरही असतात. शिवाय जुनी वस्तू मोबाईलवरून विकायला काढली की फसवणारे फोन आधी येतात, खरं गिऱ्हाईक नंतर. हजार-दोन हजारांच्या वस्तूपायी खात्यातले वीस-पंचवीस हजार जायला वेळ लागत नाही. म्हणून यंत्र विकण्याआधी काय तपासायचं, काय पुसायचं, काय बोलायचं आणि पैसे कसे घ्यायचे, हे क्रमानं समजून घेतलेलं बरं.

आपल्याकडचा 'जीपीएस' नेमका कोणता?

आपल्याकडं दोन वेगळ्या यंत्रांना 'जीपीएस'च म्हणतात. एक रस्ता दाखवणारं. त्याला पडदा असतो, ते बोलतं, 'पुढे उजवीकडे वळा' असं सांगतं. दुसरं गाडीचा माग ठेवणारं. ते छोट्या डबीसारखं असतं, वायरिंगला जोडलेलं असतं, त्यात सिमकार्ड असतं आणि गाडी कुठं आहे हे ते मालकाच्या मोबाईलवर दाखवतं.

पडद्याचं यंत्र ही आपली खासगी वस्तू आहे. ती खुशाल विकता येते. माग ठेवणाऱ्या डबीचं मात्र तसं नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना, म्हणजे बस, टॅक्सी वगैरेंना, ठरलेल्या मानकाचं माग ठेवणारं यंत्र आणि धोक्याच्या वेळी दाबायचं बटण केंद्राच्या मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केलं आहे. या मानकाला 'एआयएस १४०' म्हणतात. अशा यंत्राची नोंद परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीत त्या गाडीच्या नावावर असते. ते काढून दुसऱ्याला विकलं तर पासिंगच्या वेळी आपलीच गाडी अडते आणि घेणाऱ्यालाही ते तसंच्या तसं उपयोगी पडत नाही.

गेवराई, माजलगावच्या गोदाकाठावरून वाळू वाहणाऱ्या गाड्यांचंही तेच. गौण खनिजाच्या वाहतुकीसाठी शासनाच्या महाखनिज प्रणालीला जोडलेला जीपीएस लागतो. ती डबी काढणं म्हणजे कारवाईला निमंत्रण. कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरला किंवा जीपला फायनान्सवाल्यानं डबी बसवली असेल, तर ती कोणाच्या मालकीची हे करारात आधी बघावं.

डबी आपण स्वतः हौसेनं किंवा चोरीच्या भीतीनं बसवलेली असेल, तर ती विकता येते. पण त्यातलं सिमकार्ड काढून घ्यावं आणि ॲपमधून ती डबी आपल्या खात्यातून हटवावी. सिम तसंच ठेवलं तर आपल्या नावाचा नंबर परक्याच्या हाती जातो. आणि खातं तसंच राहिलं तर घेणाऱ्याची गाडी कुठं फिरते हे आपल्याला दिसत राहतं. उद्या त्याच्याकडं काही भानगड झाली तर विनाकारण आपलं नाव त्यात येतं. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर बघता येतं. आणखी एक गोष्ट घेणाऱ्याला सांगावी. जुन्या डब्या टूजीवर चालणाऱ्या असतात आणि जिओचं टूजी नेटवर्क नाही. त्यामुळं अशा डबीत जिओचं सिम घालून उपयोग होत नाही.

आता पुढचं सगळं पडद्याच्या यंत्राबद्दल.

मोकळ्या आभाळाखाली नेऊन तपासा

नेकनूरच्या बाजारात बैल घेताना दात बघतात, चालवून बघतात. तसं हे यंत्रही चालवून दाखवावं लागतं. त्यासाठी ते कसं चालतं हे थोडं माहीत हवं.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. ते सतत वेळ आणि आपली जागा सांगणारा संदेश खाली पाठवत असतात. यंत्र तो फक्त ऐकतं. चार उपग्रहांचा संदेश नीट मिळाला की आपण कुठं आहोत याचं गणित यंत्रच करतं. यंत्राकडून उपग्रहाला काही जात नाही. त्याला ना सिम लागतं, ना इंटरनेट. म्हणूनच बालाघाटच्या डोंगरात मोबाईलची रेंज गेली तरी हे यंत्र रस्ता दाखवत राहतं. ही यंत्रणा अमेरिकेच्या लष्कराची. मे २००० मध्ये अमेरिकेनं सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून ही यंत्रं गाडीत वापरण्याइतकी अचूक झाली.

तपासताना यंत्र पूर्ण चार्ज करावं आणि अंगणात किंवा रानात, झाडाखाली नव्हे, मोकळ्यावर ठेवावं. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र सुरू केल्याबरोबर जागा सापडत नाही. उपग्रहांचं सगळं वेळापत्रक उतरून घ्यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. त्यामुळं पाच मिनिटांत 'यंत्र खराब झालं' असं ठरवू नये. वीस-पंचवीस मिनिटं थांबावं.

जागा सापडली की तारीख बघावी. हे फार जण बघत नाहीत. जीपीएसमध्ये आठवडे मोजायची एक रीत आहे. १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते, जुन्या जीपच्या किलोमीटरच्या काट्यासारखी. अशी मोजणी ७ एप्रिल २०१९ रोजी शून्यावर आली. ज्या यंत्रांना कंपनीनं त्यासाठीची दुरुस्ती दिली नाही, त्यातली काही यंत्रं तारीख जवळपास साडेएकोणीस वर्षं मागची दाखवतात. काहींना रस्ताही नीट सापडत नाही. तारीख बरोबर असेल तर गिऱ्हाइकाला ती दाखवावी, यंत्र ठीक असल्याची ती एक चांगली खूण आहे. चुकीची असेल तर तेही सांगावं.

नंतर बॅटरी. गाडीच्या काचेमागं आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय तापतं ते सगळ्यांना माहीत आहे. लिथियमची बॅटरी त्या उष्णतेनं फुगते. यंत्राची पाठ वर आलेली दिसली किंवा पडदा उचललेला वाटला, तर ते चार्जिंगला लावू नये आणि विकूही नये. काचेला चिकटणारा रबरी पकड कडक झाला असेल तर तो नवा मिळतो, फक्त आधी सांगावं. घेणारा ट्रकवाला असेल तर चार्जर दाखवावा. जीप-कारला १२ व्होल्टची बॅटरी असते, मोठ्या ट्रकला २४ व्होल्टची. चार्जरवर '१२-२४' असं लिहिलेलं असेल तरच तो ट्रकला लावावा.

नकाशा कधीचा, हीच खरी किंमत

यंत्र नवंकोरं दिसलं तरी त्यातला नकाशा जुना असेल तर त्याची किंमत निम्म्याहून कमी झाली समजा. नकाशा कधीचा आहे हे सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. ते सापडलं नाही तर आपल्याच भागातल्या रस्त्यांवर यंत्राची परीक्षा घेता येते.

गेवराईहून चौसाळ्याचा रस्ता विचारून बघा. बीडच्या बाहेरून गेलेल्या वळणरस्त्यानं नेतंय, की थेट शहरात बिंदुसरेच्या पुलाकडं घुसवतंय, हे लगेच दिसतं. सोलापूर-धुळे महामार्गाला यंत्र २११ म्हणतंय की ५२, तेही बघा. कल्याणहून पाथर्डी, माजलगाव, परभणीकडं जाणारा रस्ता पूर्वी २२२ होता, आता ६१ आहे. नागपूर टाकून बघा. जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढवत नसेल, तर नकाशा २०२२ च्या आधीचा आहे. कारण समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि मुंबईकडचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला.

औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर अशी जुनी नावं असतील तर फार बिघडत नाही, ड्रायव्हरला ती माहीत असतात. रस्ता चुकला तर मात्र डिझेल जातं. अवजड गाडीवाल्याला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. कन्नडजवळच्या औट्रम घाटात २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून अवजड वाहनांना बंदी घालण्यात आली. जुनं यंत्र धुळ्याला जाताना सरळ त्याच घाटाकडं पाठवणार. उसाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गाड्या घेऊन जाणाऱ्यांनाही हेच लागू. कारखान्यापर्यंत जुना नकाशा नेईल, पण मधले नवे पूल आणि वळणरस्ते त्याला माहीत नसतील.

नकाशा नवा करून विकता आला तर भाव वाढतो. काही यंत्रांबरोबर 'आजीवन नकाशा' मिळालेला असतो. पण हे आजीवन म्हणजे आपलं आयुष्य नव्हे. कंपनी त्या यंत्राला नकाशा देत राहील तोवरच ते चालतं. संगणकाला जोडून नवा नकाशा खरंच मिळतोय का ते बघावं आणि मगच गिऱ्हाइकाला तसं सांगावं.

आपली माहिती पुसा, नकाशा पुसू नका

या यंत्रात 'घर' नावाचं बटण असतं. ते दाबलं की यंत्र आपल्या दारात आणून सोडतं. ज्याला यंत्र विकलं त्यालाही ते तसंच आणून सोडेल. त्याशिवाय अलीकडं गेलेली ठिकाणं, जपून ठेवलेली ठिकाणं आणि चाललेल्या रस्त्याची रेघ त्यात असते. कोणत्या नातेवाइकाकडं, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या सोनाराकडं गेलो हे सगळं त्यातून कळतं. मोबाईल ब्लूटूथनं जोडला असेल तर फोनमधली नावं आणि नंबरही त्यात उतरलेले असू शकतात.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आधी 'घर' काढावं. मग जपलेली ठिकाणं, अलीकडची ठिकाणं आणि प्रवासाच्या नोंदी काढाव्यात. ब्लूटूथच्या यादीतून आपला मोबाईल हटवावा. शेवटी यंत्र कारखान्यातून आलं तसं करण्याची जी सोय असते, ती वापरावी. नंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं आणि 'घर' दाबून बघावं. यंत्रानं 'घर कुठं आहे?' असं विचारलं म्हणजे काम झालं.

इथं एक चूक हमखास होते. सगळं साफ करायचं म्हणून काही जण यंत्रातलं मेमरी कार्ड संगणकाला लावून फॉरमॅट करतात. बऱ्याच यंत्रांचा नकाशा त्याच कार्डात असतो. तो गेला की यंत्र म्हणजे नुसता डबा. कार्डाला हात लावू नये. त्यात आपले फोटो किंवा गाणी टाकलेली असतील तर तेवढीच काढावीत.

जे यंत्र करत नाही ते सांगू नका

विकताना दोन शब्द जास्त बोलण्याची सवय आपल्याकडं आहे. पण 'यानं रानाची मोजणी पण होते' असं सांगून हे यंत्र विकणं म्हणजे दुसऱ्याला भांडणात ढकलणं आहे. गाडीच्या जीपीएसमध्ये मोकळ्यावरसुद्धा काही मीटरचा फरक पडतो. रस्त्यावर तो चालतो, कारण यंत्र आपल्याला जवळच्या रस्त्यावर धरून दाखवतं. बांधाचं भांडण मात्र फुटा-दोन फुटांचं असतं. भूमी अभिलेख विभाग मोजणीला जे रोव्हर वापरतो, त्याला स्थिर केंद्रावरून दुरुस्ती मिळत असते, म्हणून ते काही सेंटिमीटरपर्यंत बरोबर दाखवतं. दोन्ही उपग्रहांवरच चालतात म्हणून दोन्ही सारखी होत नाहीत.

तसंच 'यात भारताचा नाविक पण आहे' असं ऐकीव सांगू नये. नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला. त्याआधीच्या यंत्रात तो असण्याचा प्रश्नच नाही, नंतरच्या यंत्रातही खोक्यावर लिहिलेलं असेल तरच सांगावं.

भाव किती सांगावा?

याला बाजारभाव नाही. मोबाईल हेच काम फुकट करतो, त्यामुळं घेतलेल्या किमतीच्या निम्मे मिळतील ही आशा धरू नये. आधी तशाच यंत्राची आज नवी किंमत काय आहे आणि इतर लोक जुन्याला किती मागतात हे बघावं. मूळ खोकं, चार्जर, काचेचा पकड आणि बिल असेल तर थोडं वर जावं. नकाशा जुना असेल तर बरंच खाली यावं.

गिऱ्हाईक कोण आहे हेही बघावं. ज्याला फोन सतत भाड्यासाठी मोकळा हवा, ज्याच्या मोबाईलची बॅटरी टिकत नाही, जो रेंज नसलेल्या भागात फिरतो, त्याला हे यंत्र उपयोगी आहे. मोबाईलवरही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. हे ज्याला माहीत आहे त्याला आपला माल पटवायच्या भानगडीत पडू नये.

पैसे येताना पिन लागत नाही

जाहिरात टाकली की तासाभरात एक गोड फोन येतो. "भाऊ, मी मिलिटरीत आहे. यंत्र न बघताच घेतो, भाव करत नाही. माझा माणूस येऊन घेऊन जाईल. तुम्हाला क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील." लष्कराचं किंवा सीआयएसएफचं ओळखपत्रही पाठवतात. जुन्या वस्तू विकणाऱ्यांना फसवायची ही देशभर चाललेली रीत आहे.

नियम एकच लक्षात ठेवावा. पैसे घेताना यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही आणि समोरच्याचा क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर 'पैसे मागण्याची' सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआर पाठवून फसवणं त्यानं थांबत नाही.

आणखी दोन प्रकार आहेत. एकात पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट किंवा खोटा मेसेज येतो. दुसऱ्यात, "दादा, दोन हजारांऐवजी चुकून वीस हजार गेले, वरचे परत करा," म्हणून घाई केली जाते. दोन्हीला उत्तर एकच. मेसेज बघू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. शिल्लक वाढली नसेल तर पैसे आलेले नाहीत. जास्तीचे पैसे खरंच आले असतील तर स्वतः परत पाठवू नका, बँकेला कळवा.

सगळ्यात बरं म्हणजे व्यवहार समोरासमोर, दिवसा, तालुक्याच्या ठिकाणी चौकात किंवा ओळखीच्या दुकानात करावा. घरी बोलावू नये. आणि फसलोच तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढं जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

एक चिठ्ठी लिहा

शेवटी कागद. साध्या वहीच्या पानावर यंत्राची कंपनी, मॉडेल, मागच्या बाजूला लिहिलेला अनुक्रमांक, किंमत, तारीख, दोघांची नावं आणि सह्या एवढं पुरे. 'जसं आहे तसं, चालवून दाखवलं, नकाशा अमुक सालचा' ही ओळही लिहावी. दोघांनी त्याचा फोटो काढून ठेवावा. यामुळं आठ दिवसांनी 'नकाशा जुना निघाला' म्हणून वाद होत नाही.

घेणाऱ्यालाही ही चिठ्ठी तितकीच गरजेची आहे. गाडीची काच फोडून काढलेली यंत्रंही विकायला येतात. बिल नाही, चार्जर नाही, अनुक्रमांक खरवडलेला आहे आणि भाव फारच कमी आहे, असं दिसलं तर हात लावू नये. माल चोरीचा आहे हे माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

आणि यंत्र चालतच नसेल किंवा बॅटरी फुगलेली असेल, तर ते उकिरड्यावर टाकू नये, जाळू नये, भंगारवाल्याच्या पोत्यात इतर लोखंडाबरोबर देऊ नये. दाबल्यावर किंवा टोचल्यावर लिथियमची बॅटरी पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर ते द्यावं. तोवर घरात, लेकरांच्या हाताला येणार नाही अशा जागी, चार्जरला न लावता ठेवावं.